कोस, टप्पा आणि अंतरांचे कोष्टक

दहा गावांची एकमेकांपासूनची अंतरे सांगायची झाली तर ४५ आकडे लागतात आणि पन्नास गावांची सांगायची झाली तर १,२२५. गावे पाचपट झाली की आकडे सत्तावीसपट होतात, आणि या साध्या गणिती अडचणीभोवती प्रवासाच्या मोजमापाचा बराचसा इतिहास फिरत आलेला आहे. आज ऑनलाइन नकाशासेवेला गावांची यादी दिली की प्रत्येक गावापासून प्रत्येक गावापर्यंतच्या अंतरांचे संपूर्ण कोष्टक काही क्षणांत तयार होते, आणि त्यामुळे हे काम संगणकाच्या पोटीच जन्माला आले असावे असा समज होणे स्वाभाविक आहे. परंतु अंतरांचे कोष्टक संगणकापेक्षा कितीतरी जुने असून, ते टपालखात्याने, फौजेने, रेल्वेच्या दरशाखेने आणि एसटीच्या वाहकाने आपापल्या गरजेपुरते वापरलेले आहे. कोष्टकातील आकडा कोणता रस्ता गृहीत धरतो हे त्या त्या वेळी गरज असणाऱ्याने ठरविले, हे लक्षात घेतल्याशिवाय त्या आकड्याचा अर्थ लागत नाही.

भारतात अंतराचे मुख्य माप दीर्घकाळ कोस हेच होते, पण त्याची लांबी एक नव्हती. खानदेशात चाळीसगावजवळील पाटण येथे ज्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापन झाल्याचा १२०७ सालचा शिलालेख आहे, त्या भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त चोवीस अंगुळांचा हात, चार हातांचा दंड, दोन हजार दंडांचा कोस आणि चार कोसांचे योजन अशी परिभाषा दिली आहे, हात दीड फुटाचा धरला तर हा कोस सव्वादोन मैलांच्या घरात जातो. व्यवहारातला कोस मात्र प्रांतागणिक बदलत असे, आणि एका प्रांतातील दहा कोस दुसऱ्या प्रांतात बारा किंवा आठ ठरत. मोजमाप शास्त्रात निश्चित आणि रस्त्यावर अनिश्चित, ही अवस्था राज्यकर्त्याला अंतराची खरोखर निकड भासेपर्यंत टिकली. मेगॅस्थेनिसच्या वृत्तांताच्या आधारे ग्रीक लेखकांनी मौर्यकालीन रस्त्यांवर दर दहा स्टेडियांवर अंतरदर्शक खांब असल्याचे लिहिले आहे, आणि अशोकाच्या सातव्या स्तंभलेखात ठरावीक कोसांवर विहिरी खोदविल्याचा उल्लेख आहे. दोन्ही ठिकाणी अंतर मोजण्यामागे राज्याचे रस्ते आणि त्यांवरील वाटसरू हेच कारण होते.

मोगल काळात ही निकड अधिक स्पष्टपणे नोंदली गेली. बाबराने १५२८ साली आग्रा ते काबूल हा रस्ता मोजण्याचा हुकूम दिला, त्यात चाळीस गजांचा एक तनाब आणि शंभर तनाबांचा एक कोस असे प्रमाण ठरवून दिले आणि दर नऊ कोसांवर मनोरा बांधण्यास सांगितले. अकबराच्या काळी कोस पाच हजार इलाही गजांचा झाला. इलाही गज पुढे इंग्रजांनी ३३ इंचांचा ठरविला, त्या हिशोबाने हा कोस चार किलोमीटरांहून थोडा मोठा होतो. मोजणीच्या दोरीचा किस्सा या संदर्भात महत्त्वाचा आहे, कारण तागाची दोरी ओली झाली की आखडे आणि कोरडी असताना सैल पडे, त्यामुळे एकच जमीन सकाळी आणि दुपारी वेगवेगळी भरे. अकबराच्या अधिकाऱ्यांनी तिच्याऐवजी लोखंडी कड्यांनी जोडलेल्या बांबूच्या तुकड्यांची जरीब, म्हणजे मोजणीची साखळी, वापरात आणली. ही सुधारणा शेतसाऱ्यासाठी झाली, प्रवाशासाठी नव्हे. तरीही १५८१ साली अकबराच्या काबूल मोहिमेसोबत गेलेला जेझुइट पाद्री मोन्सेरात याने रोजची वाटचाल काठीने मोजली जात असल्याची नोंद केली आहे, आणि जहांगीराने १६१९ साली आग्रा–लाहोर रस्त्यावर दर कोसाला मिनार उभारण्याची आज्ञा केली. हरियाणात शेतांच्या मधोमध, आणि कधी रेल्वेरुळांच्या कडेला, उभे असलेले कोसमिनार त्याच परंपरेतले आहेत.

कोसमिनार कितीही भव्य असला तरी तो एका रेषेवरचा टप्पा असतो. त्याच्यावरून दिल्लीपासून किती दूर आलो हे कळते, पण रस्ता सोडून आडवाटेने जायचे असेल तर तो मुका होतो. दख्खनेत या प्रश्नाचे उत्तर मापाने नव्हे, तर मजलीने दिले जाई. मजल म्हणजे एका दिवसात उरकणारी वाटचाल, आणि ती पाणी, वैरण, घाट आणि नदीचा उतार पाहून ठरे. त्यामुळे पेशवेकालीन पत्रांत फौजेची हालचाल कोसांपेक्षा मुक्कामांच्या नावांनी अधिक नेमकी सांगितली जाते. जासूद आणि कासीद यांच्या डोक्यात असलेले वाटांचे ज्ञान हे अशा मुक्कामांचे जाळे होते, आणि ते कागदावर उतरविण्याची गरज त्यांना स्वतःला फारशी नव्हती.

ती गरज कंपनी सरकारला होती. बंगालचा सर्वेक्षक जेम्स रेनेल याने १७७८ साली लंडनमध्ये बंगाल आणि बिहारच्या रस्त्यांचे पुस्तक छापले, त्यात गावापासून गावापर्यंतची अंतरे मैलांत दिलेली होती. पुढे संपूर्ण हिंदुस्थानचा नकाशा रचताना त्याच्यापुढे जी सामग्री होती तिच्यातील बरीचशी फौजांच्या कूचांच्या नोंदींची आणि लोकांनी सांगितलेल्या कोसांची होती. म्हणून कोणत्या प्रांतातला कोस किती मैलांचा धरावा आणि रस्त्याच्या वळणांपोटी एकूण अंतरातून किती वजा करावे याची चर्चा त्याने आपल्या नकाशाच्या स्पष्टीकरणात बारकाईने केली. रेनेलने येथे केलेले काम आजच्या नकाशासेवेच्या नेमके उलट आहे: तो रस्त्याच्या अंतरावरून सरळ अंतर काढू पाहत होता, तर आजचा संगणक ठिकाणांचे अक्षांश-रेखांश हाती असताना रस्त्याचे अंतर शोधतो. मुंबई इलाख्यात हे काम चार्ल्स रेनॉल्ड्स याने केले. १७८५ साली कंपनीचा वकील चार्ल्स मॅलेट महादजी शिंद्यांच्या भेटीसाठी सुरतेहून उत्तरेकडे गेला त्या प्रवासात रस्त्याची मोजणी रेनॉल्ड्सकडे होती, आणि नंतर मुंबईचा महासर्वेक्षक झाल्यावर त्याने शिकविलेली देशी माणसे ठिकठिकाणी पाठवून वाटा मोजून घेतल्या. त्यांच्या नकाशांवर नाव गोऱ्या अधिकाऱ्याचे राहिले, ही त्या काळची नेहमीचीच रीत.

मोजणीचे साधन होते परँब्युलेटर, म्हणजे दांड्याला जोडलेले, माणसाने ढकलत न्यायचे एक मोठे चाक. चाकाच्या फेऱ्या तबकडीवर मोजल्या जात आणि परिघाने गुणून अंतर मिळे. खडबडीत वाटेवर प्रत्येक चढउतार, प्रत्येक दगड चाकाच्या हिशोबात जमा होई, त्यामुळे अंतर थोडे फुगूनच येई. अशाच मोजण्यांचा आणि कूचांच्या नोंदींचा संग्रह करून मुंबईच्या देशी पायदळातील कॅप्टन जॉन क्लून्स याने १८२६ साली पश्चिम हिंदुस्थानच्या मार्गांची निर्देशिका प्रसिद्ध केली. पेशवाई बुडून आठ वर्षेच झाली होती, आणि घाटमाथ्यावरील व कोकणातील वाटा कोणत्या गावातून कोणत्या गावात उतरतात हे अधिकाऱ्यांना आता पुस्तकात पाहता येऊ लागले.

मार्गाचे पुस्तक आणि अंतराचे कोष्टक या दोन वेगळ्या वस्तू आहेत. मार्गपुस्तकात एका रस्त्यावरील गावे ओळीने येतात, आणि त्या रस्त्यावरील कोणत्याही दोन गावांमधले अंतर वजाबाकीने मिळते. कोष्टकात मात्र वेगवेगळ्या रस्त्यांवरील गावेही समोरासमोर येतात. इंग्लंडात जॉन नॉर्डन याने १६२५ साली प्रवाशांसाठी काढलेल्या पुस्तकात त्रिकोणी कोष्टकाची रचना केली, ज्यात गावांची नावे कडेने आणि पायऱ्यांवर लिहिली जातात आणि दोन नावांच्या ओळी जिथे मिळतात तिथे अंतर वाचायचे असते. त्रिकोण पुरतो, कारण इकडून तिकडे आणि तिकडून इकडे अंतर सारखेच असते असे गृहीत आहे. हिंदुस्थानात अशा हिशोबाला पैशाचे बळ मिळाले ते टपालामुळे. १८३७ सालच्या टपाल कायद्यानुसार पत्राचा दर वजनावर आणि अंतरावर अवलंबून होता, आणि कलकत्त्याहून मुंबईला जाणाऱ्या पत्राला दर तोळ्यास एक रुपया पडे, तर आग्ऱ्याला जाणाऱ्यास बारा आणे. अंतर चुकले तर दर चुके, म्हणून टपाल कचेऱ्यांना अंतराचे तक्ते बाळगणे भाग होते. १८५४ साली देशभर एकच अर्ध्या आण्याचा दर लागू झाला आणि टपालाच्या दृष्टीने मुंबई–पुणे व मुंबई–कलकत्ता ही अंतरे एका फटक्यात समान झाली. अंतर मोजण्याचा सर्वांत स्वस्त उपाय ते मोजणे सोडून देणे हाच असतो, याचे याहून चांगले उदाहरण सापडणे कठीण.

याच काळात भूमापनाचे दुसरे, अधिक प्रतिष्ठित कार्य चालू होते. विल्यम लॅम्बटन याने १८०२ साली मद्रासजवळ पोलादी साखळीने पायारेषा मोजून त्रिकोणमितीय सर्वेक्षणास आरंभ केला. एक बाजू आणि कोन माहीत असले की त्रिकोणाच्या उरलेल्या बाजू गणिताने निघतात, या तत्त्वावर डोंगरमाथ्यांवरून कोन घेत तो उत्तरेकडे सरकत गेला आणि १८२३ साली वर्धेजवळच्या हिंगणघाट येथे मरण पावला. या सर्वेक्षणाने शिखरांची स्थाने अतिशय अचूक दिली, परंतु बैलगाडीवाल्याला त्यातून काहीच मिळाले नाही, कारण डोंगरमाथ्यापासून डोंगरमाथ्यापर्यंत दृष्टी जाते, गाडी जात नाही. नागपूरच्या शून्य मैलाच्या स्तंभापाशी या दोन्ही परंपरा एकत्र आलेल्या दिसतात. १९०७ साली सर्वेक्षण खात्याने उभारलेल्या या ठिकाणी समुद्रसपाटीपासूनच्या उंचीची खूण आहे आणि कवठा ६२, हैदराबाद ३१८, चांदा १२५, रायपूर १७४, जबलपूर १७०, शिवनी ७९, छिंदवाडा ८३ आणि बैतूल १०१ अशी मैलांतील अंतरेही कोरलेली आहेत. स्तंभ देशाच्या नेमक्या मध्यबिंदूवर आहे ही समजूत लोकप्रिय असली तरी त्यावरील मजकूर तसे काही म्हणत नाही. तो नऊ गावांच्या कोष्टकातील फक्त एक ओळ सांगतो. शिवनी आणि जबलपूर एकाच रस्त्यावर असल्याने त्यांच्यातील ९१ मैल वजाबाकीने निघतात, पण छिंदवाडा ते बैतूल किती हे त्या दगडावरून कधीच कळणार नाही. सर्व अंतरे एकाच केंद्रापासून मोजली की केंद्र थोर ठरते आणि इतर गावांचे आपसातील संबंध अदृश्य होतात; मुंबईत सेंट थॉमस कॅथिड्रलपासून मोजून रोवलेल्या मैलाच्या दगडांनाही हेच लागू पडते.

कोष्टकाचा प्रश्न खऱ्या अर्थाने सोडविला तो रेल्वेने. १६ एप्रिल १८५३ रोजी मुंबई–ठाणे गाडी धावली तेव्हा अंतर २१ मैलांचे आणि मार्ग एकच होता, त्यामुळे कोष्टकाची गरजच नव्हती. पुढे अनेक कंपन्यांचे फाटे एकमेकांना मिळत गेले, एका कंपनीच्या स्थानकावरून दुसरीच्या स्थानकाला माल जाऊ लागला आणि भाडे मैलांवर आकारायचे असल्याने प्रत्येक स्थानकापासून प्रत्येक स्थानकापर्यंतचे अंतर निर्विवाद ठरणे आवश्यक झाले. हजारो स्थानकांचे सर्वांगीण कोष्टक छापायचे म्हटले तर लक्षावधी आकडे लागले असते. इंडियन रेल्वे कॉन्फरन्स असोसिएशनच्या पुस्तकांत यावर जी युक्ती योजलेली आहे ती कोणत्याही गणिती ग्रंथात शोभावी अशी आहे. स्थानिक अंतरांच्या पुस्तकात प्रत्येक रेल्वेवरील स्थानकापासून त्याच रेल्वेवरील जंक्शनांपर्यंतची अंतरे दिली जात, आणि जंक्शन अंतरांच्या वेगळ्या पुस्तकात केवळ जंक्शनांची आपापसातील अंतरे. कारकून मूळ स्थानकापासून जवळच्या जंक्शनापर्यंतचा आकडा घेई, त्यात जंक्शन ते जंक्शन हा आकडा मिळवी, शेवटी पलीकडच्या जंक्शनापासून मुक्कामाच्या स्थानकापर्यंतचा आकडा मिळवी, आणि एकापेक्षा अधिक जंक्शने शक्य असतील तर प्रत्येकाची बेरीज करून सर्वांत लहान निवडी. सांगलीचा माल अकोल्याला पाठविणाऱ्याला मधल्या शेकडो स्थानकांशी देणेघेणे नसे. पुणे, दौंड, मनमाड, भुसावळ ही मोजकी नावे पुरत.

परंतु सर्वांत लहान बेरीज नेहमीच सर्वांत सोयीची नसे, कारण काही ठिकाणी रुळांची रुंदी बदलत असे आणि माल एका डब्यातून उतरवून दुसऱ्यात भरावा लागे. म्हणून भाडे कोणत्या मार्गाने आकारायचे आणि माल प्रत्यक्षात कोणत्या मार्गाने न्यायचा हे दोन स्वतंत्र प्रश्न झाले, आणि भाड्याचे अंतर व धावण्याचे अंतर वेगळे असू शकते ही कल्पना रेल्वेच्या व्यवहारात रुजली. कोकण रेल्वेवर तिचे टोकाचे रूप दिसते: बोगदे, पूल आणि दरडींच्या या मार्गाचा बांधकामखर्च भरून यावा म्हणून प्रवासी भाड्यासाठी प्रत्यक्ष अंतरापेक्षा ४० टक्के जास्त अंतर धरण्याची पद्धत ठेवण्यात आली. रत्नागिरीच्या प्रवाशाच्या तिकिटावरचा एकेक किलोमीटर अशा रीतीने जमिनीवरच्या किलोमीटरपेक्षा लहान ठरतो, असे कोणी म्हटले तर त्याला खोटे म्हणता येणार नाही.

रस्त्यावर हेच काम टप्प्याने केले. १ जून १९४८ रोजी पुणे–अहमदनगर मार्गावर राज्य परिवहनाची पहिली बस निघाली, आणि एसटीचे भाडे टप्प्यांवर ठरू लागले. दशमान पद्धत आल्यानंतर एक टप्पा सहा किलोमीटरांचा झाला आणि टप्प्यात थोडेसे पाऊल पडले तरी पूर्ण टप्प्याचे भाडे द्यावे लागे. बसमार्गाचे भाडेपत्रक म्हणजे नॉर्डनचाच पायऱ्यांचा त्रिकोण, फक्त मैलांच्या जागी रुपये आणि पैसे. रस्त्याच्या लांबीची अधिकृत नोंद मात्र सार्वजनिक बांधकाम खात्याकडे राहिली, जिथे एकेका मैलाच्या देखभालीसाठी नेमलेल्या मजुराला मैलकुली म्हणत. किलोमीटर आले तरी हे नाव टिकून राहिले.

जंक्शनांच्या पुस्तकात दडलेली कल्पना गणितज्ञांनी स्वतंत्रपणे शोधली. ॲम्स्टरडॅमच्या गणित केंद्रात १९५६ साली आर्माक हा संगणक लोकांना दाखवायचा होता, तेव्हा एड्सखर डाइकस्ट्रा याने नेदरलँड्समधील ६४ शहरांचे जाळे घेऊन दोन शहरांमधला सर्वांत छोटा मार्ग काढण्याची रीत रचली आणि १९५९ साली ती प्रसिद्ध केली. आरंभीच्या गावापासून सुरुवात करून आजवर गाठलेल्या गावांपैकी सर्वांत जवळचे गाव पक्के करायचे, त्याच्या शेजाऱ्यांची अंतरे त्यातून कमी होतात का पाहायचे, आणि हे मुक्काम येईपर्यंत चालू ठेवायचे, अशी ती रीत आहे. ६४ शहरांसाठी ती सहज पुरते. पण देशभराच्या रस्त्यांत कोट्यवधी चौक असतात आणि प्रत्येक प्रश्नासाठी साऱ्या चौकांची चौकशी करणे वेगवान यंत्रालाही परवडत नाही. २००८ साली कार्ल्सरुए येथील संशोधकांनी मांडलेल्या पद्धतीत कमी महत्त्वाचे चौक एकेक करून बाजूला काढले जातात आणि त्यांच्यातून जाणाऱ्या वाटांची बेरीज आधीच करून महत्त्वाच्या चौकांमध्ये आखूड दुवे ठेवले जातात, जेणेकरून प्रश्न आल्यावर फक्त वरच्या पातळीवर शोध घ्यावा लागतो. पुणे, दौंड, मनमाड यांच्यावरून बेरीज करणाऱ्या रेल्वे कारकुनाला ही पद्धत समजावून सांगायला फार वेळ लागला नसता.

२००४ साली खुल्या नकाशाचा ओपनस्ट्रीटमॅप हा उपक्रम आणि २००५ साली गूगल मॅप्स सुरू झाल्यानंतर अंतरांचे कोष्टक कोणालाही मागता येऊ लागले, आणि त्याच वेळी कोष्टकाचा आकारही बदलला. एकेरी रस्ते, दुभाजक आणि उड्डाणपुलांमुळे जाण्याचे अंतर आणि येण्याचे अंतर शहरात क्वचितच सारखे असते, त्यामुळे दहा ठिकाणांसाठी ४५ आकड्यांचा त्रिकोण न पुरता ९० आकड्यांचा चौकोन लागतो. नॉर्डनने गृहीत धरलेली समानता चारशे वर्षांनी मोडली. शिवाय अंतरासोबत वेळेचे दुसरे कोष्टक येते, जे सकाळी एक आणि संध्याकाळी दुसरे असते. एका अर्थाने ही मजलीकडे परतलेली वाट आहे, कारण मजलही किती कोस हे न सांगता किती दिवस हे सांगत असे.

कोकणच्या खाड्यांवर या कोष्टकाची खरी परीक्षा होते. वाशिष्ठीच्या मुखाशी दाभोळ आणि धोपावे ही गावे समोरासमोर आहेत. मध्ये फेरीबोट चालू आहे असे धरले तर अंतर काही मिनिटांचे, आणि ती नाही असे धरले तर खाडीला वळसा घालून जावे लागणारे. मचव्याच्या आणि तरीच्या काळी हा निर्णय भरती-ओहोटी पाहून माणूस घेई, आता तो नकाशाच्या जाळ्यात त्या फेरीबोटीची नोंद कशी केली आहे यावर ठरतो. घाटवाटांचेही तसेच आहे. पावसाळ्यात दरड कोसळून घाट बंद झाला आणि ती बातमी नकाशाला पोचली नाही तर कोष्टकातील आकडा अचूक असूनही निरुपयोगी होतो.

आणि कित्येकदा रस्त्याचे अंतर मुळी विचारलेच जात नाही. शिक्षणहक्क कायद्याखाली खासगी शाळांतील पंचवीस टक्के राखीव जागांसाठी महाराष्ट्रात जे ऑनलाइन अर्ज भरले जातात, त्यांत पालकांना आपले घर नकाशावर खुणेने दाखवावे लागते आणि शाळा एक किलोमीटरच्या आत आहे की तीन किलोमीटरच्या, यावर प्राधान्य ठरते. हे अंतर हवाई, म्हणजे लॅम्बटनच्या त्रिकोणातील बाजूसारखे सरळ रेषेचे धरले जाते. रेल्वेमार्ग किंवा नाला ओलांडण्यासाठी मुलाला प्रत्यक्षात दोन किलोमीटर चालावे लागत असले तरी अर्जात ती शाळा एका किलोमीटरच्या आत असू शकते, आणि खूण चुकून पुढच्या गल्लीत पडली तर एक किलोमीटरच्या आतले घर बाहेर जाते.